आठवीच्या मुलांना प्रकल्पाचा विषय स्वतः निवडू द्यायचा आहे. कसं करावं?

माणदेशी | २३ जून

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान-गणित शिकवतो. यंदा आठवी माझ्याकडे आहे, पट ४३.

२०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत निरीक्षण, तोंडीकाम, स्वाध्याय यांच्या जोडीला 'प्रकल्प' बसला. पुढे काय झालं ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. सत्र संपत आलं की फळ्यावर विषयांची यादी लागते. मुलं स्टेशनरीच्या दुकानात जातात, 'पाणी हेच जीवन' किंवा 'प्रदूषणाचे प्रकार' याची छापील पानं आणि चित्रांचा तक्ता विकत घेतात, कापून चिकटवतात. प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निष्कर्ष, ऋणनिर्देश. निष्कर्ष ठरलेला: पाणी जपून वापरले पाहिजे. ज्या पोराच्या वस्तीवर टँकरची वाट बघत रांगेत भांडी लागतात, त्याच्याही वहीत तेच वाक्य. त्याच्या घरी दिवसाला किती हंडे पाणी लागतं हे त्याला तोंडपाठ आहे, पण ते त्याला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. हे मला फार लागतं.

म्हणून यंदा ठरवलंय की विषय मुलंच निवडतील. मुख्याध्यापकांनी शनिवारची शेवटची तासिका दिली आहे. शंका अशा आहेत: मुलं 'काहीही चालेल सर' म्हणाली तर? एकट्याने करू द्यावा की जोडीने? गुण कशाला द्यायचे? ज्यांच्या घरी फोन नाही, पैसे नाहीत त्यांचं काय? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

पुणेकर_आई | २३ जून

सर, मनापासून आभार. पालकाच्या बाजूने सांगते. आमच्याकडे विषय शाळेच्या ॲपवर येतो आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आईवडीलच पुठ्ठा कापत बसतात.

माझ्या लेकीला सहावीत असताना आमच्या एसीच्या खोक्यामागे घरटं केलेल्या कबुतरांवर प्रकल्प करायचा होता. यादीत नाही म्हणून नकार आला. तिने तो तरीही केला, घरच्या घरी. कॅलेंडरवर रोज खूण. अंडी दोन. दुपारी एक पक्षी बसलेला असायचा, संध्याकाळनंतर दुसरा. तिने मानेवरच्या रंगाच्या फरकावरून दोघांना ओळखायला सुरुवात केली आणि मग आम्हाला ठणकावून सांगितलं की अंडी आई आणि बाबा दोघं उबवतात. अठराव्या दिवशी पिल्लं बाहेर आली. हे तिने पुस्तकात नंतर वाचलं, आधी पाहिलं. शाळेत त्या वर्षी तिने सूर्यमालेचं मॉडेल दिलं आणि त्यातलं तिला आज काहीही आठवत नाही.

जुना_फळा | २४ जून

माणदेशी सर, मी ३२ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. तुमच्या पहिल्या शंकेपुरतं बोलतो.

बी.एड.ला आपण सगळ्यांनी किलपॅट्रिकचं नाव पाठ केलेलं असतं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या या प्राध्यापकाने १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं साधं होतं: मुलाने मनापासून ठरवलेलं, हेतू असलेलं काम म्हणजे प्रकल्प. तो हेतू मुलाचा असला पाहिजे. आपण प्रश्नपत्रिकेत पायऱ्या विचारल्या आणि हेतू विसरलो. आपल्याकडे १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम उभी राहिली, तिथे हाताच्या कामातून शिकणं आलं. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथली मुलं वर्कशॉप, ऊर्जा, शेती-पशुपालन, घर-आरोग्य या चारही अंगांनी खरी कामं करतात, गावाला उपयोगी पडणारी. तेव्हा तुम्ही काही जगावेगळं करायला निघालेला नाही. कुणी नावं ठेवली तर हे सांगा.

आता शंका. 'काहीही चालेल सर' असं मुलं म्हणणारच. सात वर्षं त्यांना कुणी विचारलेलं नाही, आठव्या वर्षी एकदम विचारलं तर ती तुमच्या तोंडाकडे बघून तुम्हाला आवडेल ते उत्तर देतील. 'वृक्षारोपण' म्हणतील. पहिला महिना प्रकल्पाचं नावही काढू नका. वर्गाच्या मागच्या भिंतीवर मोठा कागद लावा आणि मनात येईल तो प्रश्न लिहायला सांगा. शुद्धलेखन तपासू नका, हसू नका, उत्तर तर मुळीच देऊ नका. शिक्षकाला सगळ्यात जड जातं ते हेच, उत्तर न देणं.

घाटमाथा | २४ जून

गुरुजींशी पूर्ण सहमत. मी राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेसाठी मुलांना मार्गदर्शन करतो. १९९३ पासून चालू असलेला उपक्रम आहे, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी, आणि भर स्थानिक प्रश्नावर आहे. मराठीतून प्रकल्प करता येतो. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी आणि प्रात्यक्षिक पार केल्यावर कृती संशोधन प्रकल्प असतो. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या कल्पनेला १० हजार रुपये मिळतात. या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण बालविज्ञान परिषदेचा मुख्य विषय वरून ठरून येतो आणि मुलाने आपला प्रश्न त्यात बसवायचा असतो. स्पर्धा म्हटली की पालक, क्लास, शाळेची प्रतिष्ठा हे सगळं येतं आणि मुलाचा प्रश्न कधी मोठ्यांचा होऊन जातो ते कळत नाही. तेव्हा सर, पहिल्या वर्षी कुठल्याही स्पर्धेचं नाव वर्गात काढू नका.

दुसरं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. मूल विषय निवडतं, प्रश्न निवडत नाही. 'प्रदूषण' हा विषय आहे. त्याच्याशी बोलत बोलत तो लहान करत न्यायचा, अगदी त्याच्या वहीत मावेल इतका. हे काम मोठ्यांचं. एक संवाद जसा झाला तसा देतो:

'सर, मला नदी प्रदूषणावर करायचंय.'
'कुठली नदी?'
'आपला ओढाच.'
'त्यात काय घाण दिसते?'
'पुलाच्या अलीकडे मासे असतात. पलीकडे नसतात.'
'पलीकडे म्हणजे नक्की कुठपर्यंत नसतात?'

पोरगं गप्प झालं आणि दुसऱ्या दिवशी दप्तर घरी टाकून ओढ्याला गेलं. मी त्याला विषय दिला नाही. विषय नाकारलाही नाही. फक्त 'नक्की कुठपर्यंत' विचारलं. पुढे त्याने काठावर दगड रचून खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेपाशी मासे, बेडूक, शेवाळ, वास यांची नोंद ठेवली. उपकरण एकही नाही.

विषय निवडताना मुलाने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात असं मी सांगतो. हे मला बघता, मोजता किंवा कुणाला विचारता येईल का? घर ते शाळा एवढ्या टापूत होईल का? खिशातून पैसे न काढता होईल का? तिन्हींना हो आलं की पोरगं सुटलं.

वर्गशिक्षिका | २५ जून

मी विरोधात लिहिते आहे असं समजू नका, पण कुणीतरी हे मांडायला हवं. आठवीला एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. एनएमएमएसमध्ये मूल लागलं तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात आणि आमच्या भागात त्या पैशावर मुलींची दहावीनंतरची शाळा टिकते. माझ्या वर्गात ६० च्या वर मुलं आहेत. जादा तास घेऊन सराव घ्यावा लागतो. त्यात साठ वेगवेगळे प्रकल्प, साठ वह्या, साठ प्रश्न. एका शिक्षकाने हे कधी बघायचं? आणि मुलींचं सांगते. शाळा सुटल्यावर त्यांना पाणी, भांडी, धाकटं भावंड, गुरं. 'घरी करून आण' म्हटलं की प्रकल्प मुलांचा होतो आणि मुलींची वही कोरी राहते. हे मी बघितलेलं आहे.

माणदेशी | २५ जून

मॅडम, तुमचा मुलींचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हताच, बरं झालं लिहिलंत. शनिवारची तासिका त्यासाठीच राखून ठेवतो, लिहिणं-मांडणं सगळं शाळेतच. एनएमएमएसबद्दल मात्र मला वाटतं की तिथली बौद्धिक क्षमता चाचणी तक्ता वाचणं, क्रम ओळखणं, तर्क करणं हेच विचारते. स्वतःची आकडेवारी मांडलेल्या मुलाला परक्याचा तक्ता अवघड जात नाही. सराव थांबवणार नाहीच.

बालाघाट | २६ जून

बीड जिल्ह्यातून लिहितोय, जिल्हा परिषदेचा शिक्षक. माणदेशी सर, तुमच्याकडून पण लोक ऊसतोडीला, मेंढरं घेऊन बाहेर जातात, म्हणून सांगतो. वर्षभराचा प्रकल्प आखू नका. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि वर्ग अर्धा होतो. हंगामी वसतिगृहात काही राहतात, बाकीची पोरं आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. म्हणजे जून ते ऑक्टोबर एवढाच वेळ हातात. छोटे प्रकल्प घ्या, दिवाळीच्या आत संपणारे.

पण एका पोराने मला वेगळंच शिकवलं. सातवीत होता. जाताना म्हणाला, 'गुरुजी, वही संगं नेऊ का?' म्हटलं ने. मार्चात परत आला तेव्हा वही भरलेली. बैलगाडीच्या प्रत्येक खेपेला मोळ्या किती भरल्या ते त्याने मोजलं होतं आणि कारखान्याच्या काट्याची पावती बापाकडून घेऊन वजन लिहिलं होतं. ११० मोळ्या, १ टन ९८० किलो. भागाकार करून मोळी १८ किलोची. असा ओळीने हिशोब. मध्येच त्याच्या लक्षात आलं की काही फडांत मोळी हलकी येते. बांधणारी आई तीच, बंध तोच, मग हलकी का? त्याने विचारपूस करून शेजारी एक रकाना वाढवला: लागण (नव्याने लावलेला ऊस) की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला). खोडव्याचा ऊस बारीक, म्हणून वजन कमी. बाप टनावर पैसे घेतो, मोळ्यांवर नाही, म्हणजे खोडव्याच्या फडात तेवढ्याच कष्टाला कमी पैसे. हे शेवटचं वाक्य त्याने स्वतः लिहिलं होतं, मी सांगितलं नव्हतं.

त्या पोराला टक्केवारी, सरासरी, तुलना हे सगळं आलं होतं. आम्ही त्याला 'शाळाबाह्य' म्हणून यादीत घातलं होतं. मला त्या दिवसापासून वाटतं, जे मूल बाहेर जातंय त्याच्या हातात वही आणि एक प्रश्न दिलाच पाहिजे.

वर्गशिक्षिका | २६ जून

बालाघाट सर, हे वाचून मला पुढे काही लिहवेना. ती वही शाळेत आहे का? जपून ठेवा.

बालाघाट | २७ जून

वही त्याची आहे, त्याच्याकडेच आहे. मी पानांचे फोटो काढून ठेवलेत.

चिवटी | २८ जून

सगळ्यांची उदाहरणं मोजमापाची आहेत. प्रकल्प म्हणजे विज्ञानच असं मुलांना वाटू देऊ नका. मी मराठी आणि इतिहास शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने गावच्या शिवारातल्या शेतांची नावं गोळा केली. सातबारावर फक्त गट नंबर असतो, पण घरात बोलताना लोक म्हणतात 'चिंचेचं', 'मळई', 'थोरली पट्टी', 'भुताची टेक'. तिने आजोबांना घेऊन बांधाबांधाने फिरून नकाशा काढला. चिंचेच्या शेतात चिंच आता नाही, पण कधी तोडली हे तीन म्हाताऱ्यांनी तीन प्रकारे सांगितलं. तिन्ही तिने लिहून घेतलं आणि खाली लिहिलं, 'यातलं खरं कोणतं ते ठरवण्यासाठी मला चौथा माणूस शोधायचा आहे.' इतिहासाची साधनं हा धडा यापेक्षा चांगला कसा शिकवणार?

जात्यावरच्या ओव्यांचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आज्या अजून हयात आहेत. फोन नसला तरी चालतं. आजी म्हणते, नात लिहिते. आजीचा हात जात्यावर फिरत नसेल तर ओवी आठवत नाही, हेही एका मुलीच्या लक्षात आलं. तिने आजीला रिकामं जातं ओढायला लावलं आणि ओव्या भराभर आल्या.

यॉर्कशायर | १ जुलै

इंग्लंडमधून लिहितेय, मुलगा सोळा-अठराच्या टप्प्यात आहे. इथे ए-लेव्हल या आपल्या बारावीच्या पातळीच्या परीक्षेच्या जोडीला 'एक्स्टेंडेड प्रोजेक्ट क्वालिफिकेशन' घेता येतं, निम्म्या ए-लेव्हलइतकं वजन. विषय विद्यार्थ्याचा. साधारण ५,००० शब्दांचा निबंध, किंवा एखादी वस्तू किंवा कलाकृती आणि सोबत छोटा अहवाल. शेवटी लोकांपुढे सादरीकरण. आपल्या दहावी-बारावीशी त्याची तुलना करायला मी आलेले नाही, तिथे शाळांना वेळ आणि माणसं जास्त आहेत. पण गुण देण्याची रीत माणदेशी सरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

मुलाच्या बोर्डात एकूण गुणांपैकी प्रत्यक्ष कामाला ४० टक्के. उरलेले तीन भाग प्रत्येकी २० टक्के: काम कसं आखलं आणि पुढे नेलं, साधनं आणि संदर्भ कसे वापरले, आणि शेवटी स्वतःच्या कामाकडे वळून कसं बघितलं. सगळ्यात कडक नियम नोंदवहीचा. शीर्षक मध्येच बदललं तर चालतं, पण का बदललं ते लिहावं लागतं. माझ्या मुलाने भाताच्या किमतींपासून सुरुवात केली आणि माझ्या आजोळच्या गिरणीवर येऊन थांबला, कोल्हापुरात फोन करून मामांना प्रश्न विचारले. तो फोन कधी केला, मामा काय म्हणाले, त्यातलं काय वापरलं नाही आणि का, हे सगळं वहीत आहे. मार्गदर्शक शिक्षिका प्रश्न विचारतात, दिशा सांगत नाहीत.

घाटमाथा | १ जुलै

ताई, फार कामाचं. आपल्याकडे ही नोंदवहीच सगळ्यांत दुबळी असते. शेवटच्या आठवड्यात एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या 'रोजच्या' नोंदी मी शेकड्यांनी बघितल्या आहेत. खरी वही ओळखू येते. शाई बदलते, पावसात भिजलेलं पान असतं, मध्ये दोन दिवस 'मामाकडे गेलो' असं लिहिलेलं असतं.

माणदेशी | १४ ऑगस्ट

मंडळी, आजची परिस्थिती सांगतो. जुना_फळा गुरुजींचं ऐकून जुलै अख्खा फक्त प्रश्न लिहून घेतले. पहिल्या आठवड्यात कागदावर सात-आठ ओळी आणि त्यातही 'भारताचे पंतप्रधान कोण' छापाच्या. तिसऱ्या आठवड्यात दुसरा कागद चिकटवावा लागला. थोडे प्रश्न जसेच्या तसे देतो:

विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार का?
आमच्या शेळीला दरवेळी दोनच करडं का होतात?
शाळेच्या टाकीचा नळ गळतो त्यातून किती पाणी जातं?
सकाळची एसटी सोमवारीच का उशिरा येते?
आईच्या भाकरीला पापुद्रा सुटतो, माझ्या का नाही?

आता जोड्या झाल्यात. काहींना एकटंच करायचं होतं, करू दिलं. घाटमाथा सरांच्या तीन प्रश्नांतून सगळ्यांना जायला लावलं. नळवाल्या पोरांनी गळत्या नळाखाली लिटरची बाटली धरली. ती भरायला ४० मिनिटं लागली. म्हणजे दिवसाला ३६ लिटर. एकाने लगेच पुढचं गणित केलं की हे त्याच्या घरच्या दोन हंड्यांहून जास्त आहे. सोमवारी ती दोघं वही घेऊन मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेली. वॉशर बदलला गेला. आता त्यांना गावातले सगळे सार्वजनिक नळ मोजायचे आहेत, ग्रामसेवकांना दाखवायला.

एसटीवाली मुलगी लांबच्या वाडीवरून येते. उशिरा आली की हजेरीत खूण होते, म्हणून तिचा हा प्रश्न. ती थांब्यावर वेळ लिहिते: ठरलेली, आलेली, फरक. सोमवारी आमच्याकडे आठवडी बाजार. गाडी प्रत्येक थांब्यावर पाट्या-पोती चढवत येते. हे तिने कंडक्टरना विचारून खात्री केली. प्रश्न तिचा स्वतःचा होता म्हणून ती पावसात उभी राहून लिहिते. मी 'वाहतूक व दळणवळण' हा विषय दिला असता तर ती लिहिणार नव्हती.

भाकरीचा प्रश्न एका मुलाचा आहे. वर्गात थोडी खुसखुस झाली, पण त्याने पीठ किती दिवसांचं, पाणी गरम की गार, असे बदल करून रोज एक भाकरी थापायला घेतली आहे. आता त्याची आईच त्याला म्हणते की जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते ते लिही.

गुणांसाठी वही ४०, आखणी २०, वर्गापुढे सांगणं २०, आणि 'पुन्हा केला तर काय वेगळं करीन' याला २० असं ठरवलं. यॉर्कशायर ताई, तुमच्यावरून घेतलं.

वर्गशिक्षिका | १५ ऑगस्ट

सर, मी माझ्या साठ जणांत पंधरा मुलांपुरतं सुरू केलं. ज्यांनी स्वतःहून हात वर केला ती. त्यात अकरा मुली आहेत. सगळं शाळेतच, मधल्या सुट्टीनंतरच्या ग्रंथालयाच्या तासाला. एका मुलीने 'मी दिवसभरात किती वेळ कुणासाठी काम करते' हा प्रश्न घेतलाय. मी तिला काहीच सुचवलेलं नाही. पुढे काय येईल त्याची मला थोडी काळजी आहे, पण तिला थांबवणार नाही. तिच्या आईला मात्र शाळेत बोलावून आधी सगळं सांगितलं. आई म्हणाल्या, 'लिहू द्या, मला पण बघायचंय.'

दर्यावर्दी | ७ ऑक्टोबर

धागा उशिरा वाचला. सिंधुदुर्गातून लिहितोय. विहिरीच्या पाण्याचा प्रश्न वाचून आमच्या नववीच्या मुलांनी विहिरीचं पाणी मोजायला घेतलंय. जमिनीखालचं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं, बदलते ती हवा, हे उत्तर मला माहीत आहे पण सांगितलेलं नाही. गुरुजींचा सल्ला पाळतोय.

त्यातून एका मुलाने नवीनच काढलं. त्याची मावशी फलटणला असते. तो म्हणतो, तिच्याकडचं माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार आणि आमच्या माठातलं नुसतं बरं. माठ तर आईने तिथूनच आणलाय. मग माठ बिघडला की पाणी? मुलांचे तीन तट पडलेत. एक म्हणतो माती, एक म्हणतो माठ जुना झाला, छिद्रं बुजली. तिसरी एक मुलगी म्हणते, आमच्याकडे धुतलेले कपडे सावलीत दोन दिवस वाळत नाहीत, तसंच माठाबाहेरचं पाणीही वाळत नसणार. तिला मी काहीच म्हटलं नाही, पण मनातून फार आनंद झाला.

माणदेशी सर, तुमची हवा कोरडी, आमची दमट. तुमच्या वर्गातलं कुणी तयार असेल तर दोन्हीकडे एकाच वेळी मोजता येईल.

माणदेशी | ७ ऑक्टोबर

तयार? चौघं आत्ताच वर्गात भांडताहेत कोण करणार म्हणून. विहीरवाली जोडी आहेच, तिच्याकडे प्रयोगशाळेची तापमापी आहे. टोळ्या आणि मेंढरं निघायच्या आत करू.

मुलांनी ठरवलेलं कळवतो. दोन्हीकडे नवा माठ, एकाच मापाचा, रात्री भरून ठेवायचा. सावलीत, तिवईवर, भिंतीपासून हातभर लांब. सकाळी नऊपासून दर तासाला तीन नोंदी: हवेचं तापमान, माठातल्या पाण्याचं, आणि शेजारी स्टीलच्या पातेल्यात ठेवलेल्या पाण्याचं. पातेलं का, असं मी विचारलं तर भाकरीवाला म्हणाला, 'पातेल्यातून पाणी झिरपत नाही ना सर, मग फरक माठामुळे की नाही ते कळेल.' एका मुलीचं म्हणणं की ओलं फडकं गुंडाळलेला तिसरा माठपण हवा. तुमच्या मुलांना विचारून सांगा.

दर्यावर्दी | ८ ऑक्टोबर

फडक्याला आमच्यांची हरकत नाही, पण ते दर किती वेळाने ओलं करायचं ते दोन्हीकडे सारखं हवं असं म्हणताहेत. तासाला एकदा, नोंद घेऊन झाल्यावर. शिवाय त्यांची एक अट आहे: निकाल एकमेकांना शेवटी सांगायचे, रोज नाही, नाहीतर बघून लिहितील. सोमवारी सकाळी नऊला पहिली नोंद.

माणदेशी | ८ ऑक्टोबर

मान्य. सोमवारी बाजार असल्यामुळे एसटीवाली उशिरा येईल, तिची नऊची नोंद दुसरी मुलगी घेईल. वहीत तसं लिहून ठेवतो.